उष्णतेची समान वांटणी

हळद पिकविणें ही एक विद्या आहे आणि पिकलेली हळद शिजवून वाळविणें ही दुसरी विद्या आहे. पहिल्या विद्येंत आपला शेतकरी आज कोणाच्या मागें नाहीं. गादीवाफा, ठिबक, बेण्याची निवड, मातीची भर यांविषयीं गांवोगांवचे लोक एकमेकांस विचारतात, दुसऱ्याचें शेत पाहून येतात व आपलें सुधारतात. दुसरी विद्या मात्र अद्याप ‘नेहमींप्रमाणें’ या एका शब्दावर चालली आहे. आठ-नऊ महिने जपलेलें पीक जमिनींतून वर आल्यावर पुढील तीन-चार आठवड्यांत त्याचें मोल ठरतें. आणि नेमक्या त्याच काळांत आपण तें मजुरांच्या, उन्हाच्या व दैवाच्या हवालीं करतों.

आमच्या मेडशीहून दक्षिणेस निघालें म्हणजे मालेगांव, वाशीम, हिंगोली व पुढें वसमत असा हा सारा पट्टा हळदीचा झाला आहे. वर्धा जिल्ह्यांतील वायगांवच्या हळदीस २०१६ सालीं, सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं व वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. १४ जानेवारी २०२५ रोजीं राष्ट्रीय हळद मंडळाचा आरंभ होऊन त्याचें मुख्य ठाणें निजामाबाद येथें झालें. नांव मिळालें, मंडळ मिळालें. आतां नांवास शोभेल असा माल एकसारखा देणें हें आपलें काम राहिलें आहे. ‘एकसारखा’ हाच या लेखाचा विषय होय.

शिजविलेली हळद उन्हांत पातळ थर करून पसरली तर वाळावयास साधारणपणें दहा ते पंधरा दिवस लागतात. हे दिवस फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत येतात, आणि याच महिन्यांत वऱ्हाडांत अवकाळी पाऊस व गारपीट यांचें भय असतें. भिजलेल्या हळदीचा रंग जातो, तिला बुरशी लागते, व मग ती पुन्हां कितीही वाळविली तरी पूर्वीचें तेज येत नाहीं. म्हणून अनेक ठिकाणीं शेतकरी गट व शेतकरी उत्पादक कंपन्या वाळवण-यंत्रें घेऊं लागल्या आहेत, किंवा घेण्याच्या विचारांत आहेत. २०२० सालीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेंत अशा यंत्रसामुग्रीस ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान ठरविलें गेलें. त्यानेंही ही हौस वाढली. यांत गैर कांहींच नाहीं. आमचा आक्षेप यंत्रावर नाहीं. यंत्र विकत घेतलें म्हणजे काम संपलें या समजुतीवर आहे.

हल्लीं जीं यंत्रें दाखविलीं जातात त्यांत चार, सहा किंवा आठ कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यास स्वतंत्र हीटर, स्वतंत्र पंखा व उष्णमान मोजणारा स्वतंत्र सेन्सर असतो. हे सर्व सेन्सर एका पेटीशीं जोडलेले असतात. त्या पेटीस बहुचॅनेल तापमान-नियंत्रक, म्हणजे बोलीभाषेंत ‘कंट्रोलर’, म्हणतात. एक चॅनेल म्हणजे एका कप्प्याचें खातें. विकणारा मनुष्य त्यावरील हिरवे-तांबडे आंकडे दाखवितो व सांगतो कीं, ‘साठ लावा, बटण दाबा आणि घरीं जाऊन निजा.’ ऐकणाऱ्यास वाटतें कीं, आठ आंकडे आहेत त्या अर्थीं आठही कप्पे सारखे तापणारच. हें खरें नाहीं. आठ चॅनेल असणें म्हणजे आठ कप्पे सारखे तापविण्याची सोय असणें. सोय असणें आणि ती लागूं होणें यांत केवढें अंतर असतें, हें सरकारी योजनांचा ज्यांस अनुभव आहे त्यांस निराळें सांगावयास नको.

प्रथम असमान उष्णतेनें काय होतें तें पाहूं. शिजलेली हळद गरम हवेनें वाळवावयाची तर हवेचें उष्णमान जास्तींत जास्त ६० अंश सेंटिग्रेड असावें, असें मसाला पिकांचे संशोधक सांगतात. समजा, आठ कप्प्यांपैकीं सहा कप्पे बरोबर ६० अंशांवर आहेत, सातवा ५० वर व आठवा ७० वर आहे. सरासरी काढली तर ती ६० च येते. कागद निर्दोष आहे. परंतु ५० अंशांच्या कप्प्यांतील हळकुंड ठरल्या वेळेस बाहेर काढलें तर आंतून ओलें राहतें व पोत्यांत गेल्यावर बुरशी धरतें. ७० अंशांच्या कप्प्यांतील हळकुंडाची साल लवकर टणक होते, आंतील ओल बाहेर पडावयास वाट राहत नाहीं, व रंगही काळसर होतो. पुढें आठही कप्प्यांचा माल एका ढिगांत पडतो. बाजारांत खरेदीदार ढिगांत हात घालतो, चार-दोन हळकुंडें मोडतो, गाभा पाहतो, आवाज ऐकतो. त्याच्या हातीं दोन ओलीं हळकुंडें लागलीं कीं भाव सबंध ढिगाचा पडतो. चांगल्या सहा कप्प्यांची किंमत वाईट दोन कप्पे ठरवितात.

महसुली कामांत आमचा जन्म गेला, म्हणून तेथील एक दाखला देतों. गांवची पैसेवारी काढतात ती सबंध गांवची सरासरी असते. ती पन्नास पैशांच्या वर गेली म्हणजे गांवाचें पीक बरें ठरतें. पण ओढ्याकांठच्या ज्या खातेदाराचें शेत खरडून गेलें त्याच्या घरीं त्या सरासरीनें चूल पेटत नाहीं. यंत्राचेंही तसेंच आहे. सरासरी उष्णमान विचारूं नये. सर्वांत थंड कोपरा कोणता व सर्वांत तप्त कोपरा कोणता, आणि त्या दोहोंत अंतर किती, एवढेंच विचारावें.

आतां कंट्रोलर काय करतो तें समजून घेऊं. हें समजण्यास इंजिनिअर व्हावें लागत नाहीं; ज्यास आपला हिशेब ठेवतां येतो त्यास तें समजेल. अगदीं साधा कंट्रोलर फक्त चालू-बंद करतो. उष्णमान ६० झालें कीं हीटर बंद, ६० च्या खालीं गेलें कीं चालू. परंतु हीटर बंद केला तरी त्याच्या तापलेल्या लोखंडांत उष्णता शिल्लक असते. म्हणून आंकडा ६० वर न थांबतां पुढें जातो. मग तो उतरूं लागतो, हीटर चालू होतो, पण लोखंड तापावयास वेळ लागतो, तोंवर आंकडा आणखी खालीं जातो. असा हा हेलकावा रात्रभर चालतो. गुऱ्हाळावर ज्याच्या हातीं चुलवाणाचा जाळ असतो तो जाणता मनुष्य पाक होण्याची वाट पाहत नाहीं. पाक जवळ आला असें दिसतांच जाळ कमी करूं लागतो. चांगल्या कंट्रोलरांत हीच जाण तीन नियमांनीं घातलेली असते.

पहिला नियम चालू बाकीचा. ६० पाहिजेत आणि ५० आहेत, म्हणजे बाकी १० ची. तर त्या प्रमाणांत जोर लावावा. बाकी ५ वर आली म्हणजे जोर अर्धा करावा. परंतु एकट्या या नियमानें काम भागत नाहीं. कारण बाकी शून्य झाली कीं जोरही शून्य होतो, आणि कप्प्यांतून उष्णता तर सारखी बाहेर जात असते. म्हणून आंकडा ६० च्या थोडा खालींच रेंगाळतो. दुसरा नियम थकबाकीचा. जी थोडी थोडी बाकी दर मिनिटास राहून जाते ती मागील खात्यावर सांठवीत जावी व तिच्या प्रमाणांत आणखी जोर लावावा. म्हणजे सावकाश कां होईना, आंकडा ६० वर येऊन ठरतो. तिसरा नियम अंदाजाचा. आंकडा किती वेगानें चढतो आहे तें पाहून, तो पुढें कोठें जाईल याचा विचार करून जोर आधींच आवरावा. इंजिनिअर लोक या तिन्ही नियमांस मिळून ‘पीआयडी’ म्हणतात. प्रत्येक नियमास किती वजन द्यावयाचें याचे आंकडे प्रत्येक चॅनेलसाठीं वेगळे भरावे लागतात. हे आंकडे भरण्याच्या कामास जुळवणी म्हणावें.

थकबाकीच्या नियमांत एक धोका आहे तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. वसुली फार कडक केली तर आंकडा ६० ओलांडून जातो, मग उतरतो, पुन्हां ओलांडतो. शिवाय, समजा, कप्प्याचें दार अर्धा तास उघडें राहिलें किंवा हीटरची एक कांडी जळाली, तर बाकी भरून निघत नाहीं व थकबाकी सारखी वाढत जाते. मग दार बंद होतांच ती सगळी थकबाकी एकदम वसूल करण्यास यंत्र धांवतें व माल करपतो. चांगल्या कंट्रोलरांत या थकबाकीस मर्यादा घालण्याची सोय असते. ती घातली आहे कीं नाहीं, हें घेणाऱ्यानें विचारावें.

हीं कांहीं कालपरवांचीं गुपितें नव्हेत. निकोलस मिनोर्स्की यांनीं १९२२ सालीं जहाजाचें सुकाणूं आपोआप धरण्याच्या संबंधांत हे तिन्ही नियम गणितानें मांडले. १९४२ सालीं अमेरिकेंतील झीग्लर व निकल्स या दोघांनीं जुळवणीची एक रीत प्रसिद्ध केली. ती अशी : दुसरा व तिसरा नियम बंद ठेवून पहिल्याचा जोर हळूहळू वाढवीत न्यावा, ज्या जोरावर आंकडा एकसारखा वरखालीं झोके घेऊं लागेल तो जोर टिपून ठेवावा व एका झोक्यास किती वेळ लागतो तोही टिपावा, मग त्यावरून तिन्ही आंकडे ठरवावे. नुसता पहिलाच नियम वापरावयाचा तर टिपलेल्या जोराच्या अर्धा जोर ठेवावा, असें त्यांचें सांगणें आहे. आजकालचे कंट्रोलर ‘आपोआप जुळवणी’ करतात ती पुष्कळदा याच धर्तीची असते. म्हणजे विद्या जुनी आहे, पेटींतच आहे, आणि किंमतींत तिचे पैसे आपण मोजलेलेही आहेत. ती वापरावी एवढाच प्रश्न आहे.

मग अडचण कोठें येते? आमच्या पाहण्यांत असें आलें कीं, यंत्र बसविणारा कारागीर एकदांच येतो. शेडमध्यें माल नसतो. तो रिकाम्या यंत्रावर एका कप्प्याची जुळवणी करतो, त्याचेच आंकडे उरलेल्या सर्व चॅनेलांत उतरवितो, छायाचित्र काढतो व संध्याकाळच्या गाडीनें परत जातो. यांत दोन चुका आहेत. रिकामा कप्पा झपाट्यानें तापतो. ओल्या हळदीनें भरलेला कप्पा तसा तापत नाहीं. कारण पाण्याची वाफ होण्यास फार उष्णता खर्ची पडते. रिकाम्या गाडीवर बैल शिकवून भरल्या गाडीस जुंपावे, तसा हा प्रकार होतो. दुसरी चूक अशी कीं, कडेच्या कप्प्याची एक भिंत बाहेरच्या हवेस लागलेली असते, मधल्या कप्प्यास दोन्ही बाजूंनीं शेजाऱ्यांची ऊब मिळते, दाराजवळच्या कप्प्यांतून वारा शिरतो. प्रत्येकाची प्रकृति निराळी. एकाच्या सातबाऱ्यावरील नोंद दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उतरविणें जितकें चुकीचें, तितकेंच एका चॅनेलचे आंकडे दुसऱ्यांत घालणें चुकीचें.

योग्य क्रम आमच्या मतें पुढीलप्रमाणें आहे. प्रथम सेन्सर तपासावे. सर्व सेन्सर सोडवून एकत्र बांधावे, एका भांड्यांतील बर्फाच्या पाण्यांत व नंतर साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यांत बुडवावे, पाणी ढवळीत राहावें आणि सर्वांचे आंकडे टिपावे. बर्फ व पाणी यांच्या मिश्रणांत शून्य यावयास पाहिजे. गरम पाण्यांत चांगल्या कांचेच्या थर्मामीटराशीं मेळ बसला पाहिजे. उकळत्या पाण्यांत १०० येत नाहीं म्हणून कोणीं सेन्सर टाकून देऊं नये. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीस पाण्याचा उकळबिंदु सुमारें १ अंशानें उतरतो, आणि आपला मुलूख उंचावर आहे. जो सेन्सर दोन अंश चुकीचा सांगतो त्याची तेवढी दुरुस्ती कंट्रोलरांत भरतां येते. वजनकांटा खोटा असेल तर पुढील सर्व हिशेब खोटा. सेन्सर हा या धंद्यांतील कांटा आहे.

दुसरें, सेन्सरची जागा. तो हीटरजवळ असेल तर हीटरचें उष्णमान सांगेल, पत्र्यास टेकलेला असेल तर पत्र्याचें. मालामधून जी हवा वाहते तिच्यांत तो असावा. तिसरें, हवेचा बंदोबस्त. दाराच्या फटी, उलटा फिरणारा पंखा, एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ रचलेले ट्रे, हे दोष कोणताही कंट्रोलर काढूं शकत नाहीं. कंट्रोलर फक्त सेन्सरच्या टोंकापुरता जबाबदार असतो; त्याच कप्प्याच्या खालच्या कोपऱ्यांत काय चाललें आहे याची त्यास वार्ता नसते. म्हणून प्रत्येक कप्प्यांत वर, मध्यें व खालीं सुटे थर्मामीटर ठेवून पाहावें. गड्डे व हळकुंडें एका कप्प्यांत मिसळूं नयेत. जाड गड्ड्यास वाळावयास अधिक वेळ लागतो, आणि तेथें उष्णता समान असूनही वाळवण असमान होते.

हें झाल्यावर मग जुळवणी करावी. आणि ती भरल्या मालावर करावी. सर्व कप्पे प्रथम ६० च्या आसपास आणून ठेवावे व नंतर एकेका चॅनेलची जुळवणी घ्यावी. शेजारचे कप्पे थंड असतांना केलेली जुळवणी ते तापल्यावर बिघडते. सर्व चॅनेलांची आपोआप जुळवणी एकाच वेळीं सुरू केली, तर शेजाऱ्याची उष्णता स्वतःची समजून यंत्र फसतें. ज्या कंट्रोलरांत त्याची मुद्दाम योजना केलेली असते त्याची गोष्ट निराळी. वाळवणांत घाई नसते. म्हणून आंकडे सौम्य असावे. साठावर पोंचण्यास दहा मिनिटें अधिक लागलीं तरी चालतील, पण सत्तरावर जाऊन परत येणें नको. अंदाजाचा तिसरा नियम वाऱ्याच्या झुळकीनेंही बिचकतो. तो अगदीं थोडा ठेवावा किंवा बंदच ठेवावा. तसेंच आरंभीं सर्व कप्पे बरोबरीनें चढावे. सर्वांत मंद कप्पा ज्या गतीनें चढतो तीच गति इतरांस लावावी. पंगतींत शेवटच्या पानावर वाढून झाल्याशिवाय जेवावयास बसूं नये, हाच न्याय.

आतां विजेसंबंधीं दोन शब्द. आपल्याकडे रात्रीं विजेचा दाब कमी-जास्त होतो हें कोणास सांगावयास नको. हीटरची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. दाब २३० व्होल्टांवरून १९० वर आला तर घट दिसावयास सतरा-अठरा टक्के आहे, पण उष्णता शंभरांतील सुमारें ६८ च उरते. ज्या यंत्राचे हीटर जेमतेम पुरेसे आहेत तें अशा वेळीं कितीही शहाणा कंट्रोलर असला तरी ६० गांठूं शकत नाहीं. म्हणून हीटरांत आरंभींच कांहीं सवड असली पाहिजे, व सर्व हीटर एकाच क्षणीं चालू न होतां आळीपाळीनें चालू व्हावे अशी रचना करून घ्यावी.

खर्चाचा हिशेबही उघडपणें मांडला पाहिजे. साधारण पांच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटल वाळलेली हळद होते असें धरूं. म्हणजे चार क्विंटल पाणी उडवावयाचें. एक किलो पाण्याची ६० अंशांवर वाफ करण्यास सुमारें ५६० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेच्या एका युनिटांत सुमारें ८६० किलोकॅलरी असते. एकही कॅलरी वाया न जातां हें काम झालें तरी क्विंटलमागें २६० युनिट लागतात. प्रत्यक्षांत अधिकच लागतील. युनिट आठ रुपयांनीं धरलें तर हा खर्च दोन हजारांवर जातो. तेव्हां सर्व वाळवण विजेवर करणें हें लहान शेतकऱ्यास परवडणारें नाहीं. ऊन असेल तोंवर ऊन वापरावें, आणि आभाळ भरून आलें म्हणजे किंवा शेवटची ओल काढावयाची म्हणजे यंत्र वापरावें, हाच शहाणपणाचा मार्ग आम्हांस दिसतो. ज्या यंत्रांत लांकडाचा किंवा शेतांतील टाकाऊ मालाचा जाळ असतो, तेथेंही कंट्रोलर हीटराऐवजीं हवेचा पंखा व झडप यांस हुकूम देतो. वर सांगितलेले नियम त्यासही लागू आहेत.

शिजविण्याच्या कामींही समानतेचा हाच न्याय आहे. पूर्वीं कढईंत हळद शिजे. आतां बॉयलरची वाफ दोन-चार ड्रमांत सोडून शिजवितात. वाफ सोप्या वाटेनें जाते. ज्या ड्रममध्यें आंतील हवा बाहेर पडावयास वाट ठेवलेली नाहीं तेथें हवेचा कोंडा होऊन मधला माल कच्चा राहतो, आणि वाफेच्या नळीजवळचा माल अतिशिजून रंग गमावतो. प्रत्येक ड्रममध्यें सर्वांत थंड जागीं एक सेन्सर ठेवावा, व शिजण्याची वेळ झडप उघडल्यापासून न मोजतां त्या थंड जागेचें उष्णमान पुरें चढल्यापासून मोजावी. शेवटीं हळकुंडांत काडी टोंचून पाहण्याची जुनी परीक्षा आहेच. सेन्सर आला म्हणून ती सोडूं नये.

यावर कोणी म्हणतील कीं, ‘बापजाद्यांनीं आंगणांत हळद वाळविली, त्यांस चॅनेल कोठें ठाऊक होतें?’ हें खरें आहे. पण त्यांच्या आंगणांत सूर्य सर्वांवर सारखा तापत होता. उष्णतेची समान वांटणी तोच करीत होता, आणि घरच्या बाया दिवसांतून अनेक वेळां हळद खालींवर करून राहिलेली उणीव भरून काढीत होत्या. बंद पेटींत सूर्य नाहीं व हात फिरविणाऱ्या बायाही नाहींत. तेथें ती कामगिरी कोणावर तरी सोंपविली पाहिजे. दुसरे म्हणतील कीं, हें काम कंपनीच्या इंजिनिअरचें आहे, शेतकऱ्याचें नव्हे. आम्हांस हें मान्य नाहीं. पंप जळाला तर मिस्त्री बोलवावा, पण पाणी कोणत्या सरींत किती गेलें हें मालकानेंच पाहावयाचें असतें. इंजिनिअर वर्षांतून एकदां येईल. माल रोज भरला जाईल. ज्याचा माल आहे त्यासच जुळवणी समजली पाहिजे. तिसरा आक्षेप लहान शेतकऱ्याचा आहे, व तो रास्त आहे. ज्याची हळद अर्ध्या-एक एकरांत आहे त्यानें आठ चॅनेलच्या भानगडींत पडूं नये. चांगल्या पंख्याचा एकच कप्पा, त्यांत एकच चॅनेल आणि ट्रे दर दोन-तीन तासांनीं खालींवर करणारा जागता मनुष्य, एवढ्यावर त्याचें काम उत्तम होईल. विजेवांचून चालणाऱ्या सौर वाळवण-यंत्रांचाही मार्ग आहे. छत्रपती संभाजीनगर येथील एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज या संस्थेस अशाच कामाबद्दल २०२३ सालीं अर्थशॉट पारितोषिक मिळालें. तात्पर्य, चॅनेलांची संख्या हें प्रतिष्ठेचें लक्षण नव्हे. माल सारखा निघणें हें लक्षण आहे.

म्हणून आमची सभासदांस व निरनिराळ्या गटांच्या चालकांस चार गोष्टींची विनंती आहे. पहिली, खरेदीच्या करारांत असें कलम घालावें कीं, भरल्या मालावर, प्रत्येक कप्प्यांत तीन ठिकाणीं सुट्या थर्मामीटरनें मोजून, उष्णमान ठरल्यापासून दोन तासांत कोठेंही तीन अंशांहून अधिक फरक नाहीं असें सिद्ध झाल्यावरच शेवटचा हप्ता दिला जाईल. पैसे दिल्यानंतर काढलेल्या तक्रारीस किती दिवस लागतात, हें अर्जांच्या गठ्ठ्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यानें सांगावें असें नाहीं. तें सर्वांस माहीत आहे. दुसरी, प्रत्येक चॅनेलचे जुळवणीचे आंकडे कागदावर उतरवून कंट्रोलरच्या पेटीच्या दारास आंतून चिकटवावे. वीज गेली, पेटी बदलली, कोणीं चुकून बटण दाबलें, तरी मूळ नोंद शाबूत राहील. तिसरी, गांवांतील दोन तरुण, आणि त्यांत एक तरी मुलगी, या कामीं तयार करावीं. दहावीपर्यंत शिकलेल्यास हें काम आठ दिवसांत येतें. दोन अशासाठीं कीं, एक लग्नास गेला तर हंगाम अडूं नये.

चौथी विनंती नोंदवहीची. दर तासास कप्प्याचा नंबर, ठरविलेलें उष्णमान, पेटीवरील आंकडा, सुट्या थर्मामीटराचा आंकडा, विजेचा दाब व शेरा असे सहा रकाने लिहावे. कारकुनी हौस म्हणून हें सांगत नाहीं. एका हंगामाची वही हातीं असली म्हणजे चौथा कप्पा दर रात्रीं तीन वाजतां कां उतरतो, तो दाब पडल्यानें उतरतो कीं दाराच्या फटीनें, हें घरबसल्या समजतें. आणि ज्याची वही स्वच्छ आहे त्यास दूरच्या खरेदीदारापुढें आपला माल कसा वाळविला हें पुराव्यानिशीं सांगतां येतें. तोंडच्या ग्वाहीपेक्षां लेखी दाखला नेहमींच वरचढ ठरतो.

हळदीस आज नांव आहे, मागणी आहे, आणि आपल्या जमिनींत ती उत्तम येते. अशा वेळीं दोन कप्प्यांच्या आळसानें आठ कप्प्यांचा भाव घालवावा हें शहाण्या शेतकऱ्यास शोभत नाहीं. येत्या हंगामापूर्वीं जेथें जेथें अशीं यंत्रें उभीं आहेत तेथील चालकांनीं एक दिवस काढून सर्व सेन्सर एका भांड्यांत बुडवून पाहावे. त्यास खर्च एका बर्फाच्या लादीचा आहे. किती आंकडे जुळतात व किती जुळत नाहींत हें डोळ्यांनीं पाहिल्यावर पुढील काम कोणीं सांगण्याची गरज राहणार नाहीं.